कॅमेऱ्याला न सापडलेली आत्या

रविवार. खूप दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा.

कौसाआत्या मंगळवारी गेली. तिच्या रंगाबद्दल मी तिला खोटं सांगितलं होतं, आणि ते खरं धरूनच ती गेली.

गेल्या जत्रेला आम्ही सगळे तिच्याकडे तिसगावला जमलो होतो. मी हौसेने लॅपटॉप नेला होता.

मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. कॅमेऱ्यासमोर बसलं की आपलं चित्र स्क्रीनवर नुसत्या मराठी अक्षरांतून उमटतं, लाइव्ह. आपण हललो की अक्षरंही हलतात. काळ्या स्क्रीनवर उजेडाच्या जागी भरगच्च अक्षर, अंधाराच्या जागी काहीच नाही.

पोरं, जावई, शेजारीपाजारी, सगळे दिसले. मग आत्या बसली.

पांढरे केस आले. लुगड्याचा काठ आला.
मधे चेहऱ्याच्या जागी भोक.

"का रं, मी का दिसंना?"

कारण मला तिथल्या तिथे कळलं होतं. उजेड कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो, हे मी नगरच्या घरात ट्यूबलाइटखाली, माझ्या स्वतःच्या गोऱ्या तोंडावर ठरवलं होतं. कोडमधला एक आकडा बदलायचा होता, बस.

पण सगळे बघत होते. माझं कौतुक चाललं होतं.

"तुझा रंगच असा आहे आत्या, कॅमेऱ्याला सापडत नाही."

सगळे हसले. तीही.

"व्हय रं बाबा. माज्या लग्नाच्या टायमाला बी हाच घोळ झाल्ता."

ती उठून आत गेली आणि तोंडाला पावडर लावून आली. भरपूर, पण मानेपर्यंत न पोचलेली.
चेहरा उमटला. टाळ्या पडल्या. मी मोबाईलवर तिचा फोटो काढला.

घरी आल्यावर आकडा बदलला. तिला सांगायचं राहिलं.
"राहिलं" हेही खरं नाही. अधूनमधून व्हिडिओ कॉल व्हायचा, पावसापाण्याचं आणि तिच्या गोळ्यांचं बोलणं व्हायचं. मी सांगितलं नाही.

दहाव्याच्या फ्लेक्ससाठी घरच्यांनी फोटो माझ्याकडे मागितला. मी तोच पाठवला, छान उजळ आलाय म्हणून. फ्लेक्सवाल्याने आणखी उजळ केला. मी "ओके" लिहिलं.

आज दुपारी तिच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला.

"दादा, ही आई वाटत न्हाई. काळी हुती ती. काळीच ऱ्हाऊ दे."

मी लगेच फ्लेक्सवाल्याला दुसरा फोटो पाठवला. तसं तिला सांगितलं, तर ती सहज बोलून गेली,

"तुझा कॉल आला की बी ती आधी पावडर लावायची. म्हनायची, थांब, तशी मी राजूला दिसत न्हाई."

कॉल उचलायला ती वेळ लावायची. मी नेटवर्कला नावं ठेवायचो.

"नंतर बोलतो" म्हणून मी फोन ठेवला. सुनीताला वाटलं, मला रडू आलंय.

आणि आता इथे लिहितोय. हे त्या मानाने सोपं आहे. सुनीता फेसबुकवर नाही.

आत्या, तू मला दिसत होतीस. त्या दिवशीही, अगदी स्पष्ट.
जा सुखाने.

उद्या: तिसगावला जाऊन सुनीताला समोर बसून सगळं सांगायचं.