हलका माऊस शोधणारी ताई

ताई दुकानात आली की आधी स्वतःचा उजवा हात बांधायची. पर्समधून सुती रुमाल काढून तो तळव्याभोवती गुंडाळायची, दातांनी गाठ आवळायची आणि जी बोटं मोकळी राहतील तेवढ्यांनीच काउंटरवरचा माऊस ढकलून बघायची. आमच्याकडे गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. कुणाला माऊसचा रंग महत्त्वाचा, कुणाला खोक्यावरचं चित्र. हात बांधून घेणारं गिऱ्हाईक ती एकच. पहिल्या दिवशी शिरीषने, म्हणजे माझ्या भागीदाराने, माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारलं होतं, ही बाई बरी आहे ना?

नव्वदचं दशक अर्ध्याहून पुढे गेलेलं. कल्याण पश्चिमेला एका इमारतीच्या तळमजल्यावर आम्ही दोघं कॉम्प्युटर जोडून द्यायचो, बिघडलेले दुरुस्त करायचो. ताई ठाण्याला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती आणि आंबिवलीला राहायची. पस्तिशीची असेल. साडी इस्त्रीची, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, सगळ्यात हलका माऊस कुठला? शिरीषने एक लहानसा माऊस हातावर तोलून पुढे केला. ती म्हणाली, "उचलायला नको. ढकलायला हलका पाहिजे."

तेव्हाच्या माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची. माऊस सरकला की गोळी फिरायची, गोळीबरोबर आतले दोन बारीक रूळ फिरायचे आणि पडद्यावरचा बाण हलायचा. आम्ही माऊस तपासायचो म्हणजे तो गरागरा फिरवायचो आणि बाण धावला की पास. ताईची तपासणी उलटी. ती माऊस इतका सावकाश सरकवायची की तो हलतोय हे बघणाऱ्याला कळू नये, आणि नजर पडद्यावर ठेवायची. बहुतेक माऊस तिथेच नापास व्हायचे, कारण एवढ्याशा हालचालीत गोळी नुसतीच घसरते, रूळ फिरत नाहीत, बाण ढिम्म राहतो. मी एकदा म्हणालो, ताई, इतकं हळू कोण चालवतं? ती रुमालाची गाठ सोडता सोडता म्हणाली, "हळू हललेलंही त्याला कळलं पाहिजे रे. जोरात हललेलं काय, कुणालाही कळतं."

पण हळू चालवणारं कोण, हे तिने सांगितलं नाही. पुढच्या रविवारी कॉम्प्युटर बसवून द्यायला तिच्या घरी गेलेलो, तेव्हा मिलिंदला पाहिलं.

मिलिंद तिचा धाकटा भाऊ. वडील जवळच्याच मोहने गावातल्या कारखान्यात होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात आई, ताई आणि हा. शाळेत असताना मिलिंद चालता चालता पडायला लागला, मग जिने चढेना, मग उभा राहीना. स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. त्याला औषध नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. आणखीही एक गोष्ट सांगितलेली, ती त्या घरात कुणी उच्चारत नसे. मी गेलो तेव्हा तो एकवीस-बावीसचा होता. खिडकीपाशी पलंगावर उशांना टेकवून बसवलेला, मांडीवर आडवी फळी आणि फळीवर उजवा हात ठेवलेला. ठेवलेलाच, कारण तो उचलून आईने तिथे ठेवला होता. चेहरा मात्र असा तरतरीत, की हा आत्ता उठून आपल्यासाठी पाणी आणेल असं वाटावं.

त्याला गेम खेळायचा होता. भुयारात शिरून राक्षसांना गोळ्या घालायच्या, असला एक गेम तेव्हा पोरांमध्ये फार चालायचा. माऊस पुढे ढकलला की आपण पुढे जातो, बाजूला सरकवला की वळतो, बटण दाबलं की गोळी सुटते. एका हातावर सगळा खेळ. मिलिंदच्या तीन बोटांत तेव्हा थोडी ताकद होती. ताईने निवडलेला माऊस मी जोडून दिला आणि कसं खेळायचं ते दाखवायला स्वतः बसलो. दोन मिनिटांत मेलो. मिलिंद शांतपणे म्हणाला, "प्रकाशदादा, तुम्ही भिंतीला गोळ्या घालताय. भिंतीने काय केलंय?" आतून आई हसली. ताई हसली नाही. ती मिलिंदच्या बोटांकडे बघत होती.

त्या दिवसापासून मीही तिच्या शोधात ओढला गेलो. माऊसची पाठ फार उंच असली की मिलिंदचं मनगट तिच्यावर चढत नसे. बटण ताठ असलं की गोळी सुटायच्या आत राक्षस येऊन पोचायचा. मी माऊस उघडून बटणाखालचं प्लास्टिक तासून द्यायचो, पाठ कानशीने घासून सपाट करायचो. बाणाचा वेग वाढवून दिला, तर तो उड्या मारायला लागला आणि मिलिंद भुयारात गरगर फिरत राहिला. उलटा माऊस म्हणतात तोही आणून पाहिला, ज्यात गोळी वर असते आणि ती बोटाने फिरवायची. पण बोट अधांतरी धरायची शक्ती त्याच्यात नव्हती. दिसायला देखणा असा एक परदेशी माऊस मी मोठ्या हौसेने काढून ठेवलेला. ताईने हात बांधून तो जरासा ढकलला आणि परत दिला. म्हणाली, "छान आहे. पण हा आमच्याकडे पाहुण्यासारखा नुसता बसून राहील."

एखादा माऊस जमायचा. मग काही महिने ती दुकानात फिरकायची नाही आणि आम्ही समजायचो, ठीक चाललंय. पुन्हा दारात दिसली की आमची नजर आधी तिच्या हाताकडे जायची. कारण मिलिंदची किती बोटं चालतात हे ती कधी सांगत नसली तरी रुमाल सांगायचा. पहिल्या वेळी तिने दोन बोटं बांधलेली. पुढे तीन बांधायला लागली. मग एकदा आली आणि अंगठ्यासकट सगळा हात गुंडाळून नुसती तर्जनी बाहेर ठेवली. शिरीष एरवी थट्टा केल्याशिवाय राहत नसे. त्या दिवशी तो उठून मागच्या खोलीत गेला. ताई एका बोटाने माऊसमागून माऊस ढकलत राहिली, आणि एकही हलेना.

त्याच सुमारास ठाण्यातल्या एका नकाशे काढणाऱ्या कचेरीचं जुनं सामान आमच्याकडे आलं. त्यात एक माऊस होता. त्याला गोळीच नव्हती. पोटातून उजेड पडायचा आणि बारीक रेघांच्या जाळीची एक चकचकीत पत्र्याची पाटी त्याच्याखाली ठेवावी लागायची. त्या रेघा मोजून तो हालचाल ओळखायचा. घासायला काही नाही, घसरायला काही नाही. मी ताईच्या कचेरीत फोन केला. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. एका बोटाने तिने तो केसभर सरकवला आणि बाण हलला. तिने पुन्हा सरकवला. पुन्हा हलला. ती स्टुलावर बसली आणि बराच वेळ तसंच करत राहिली.

पण घरी तो माऊस वेड्यासारखा वागायला लागला. पाटीवरच्या रेघांशी तो सरळ नसला की बाण भलतीकडेच जायचा, आणि मिलिंदचा हात फळीवर तिरका पडायचा. त्याचं मनगट सरळ करायला जावं तर तो कळवळायचा. मी हात टेकले. ताईने थोडा वेळ पाहिलं, मग पाटी उचलून मिलिंदच्या हाताच्या रेषेत तिरकी केली आणि फळीवर चिकटवून टाकली. त्या पावसाळ्यात मिलिंद ज्या टप्प्यांपर्यंत पोचला तिथे मी कधी पोचलो नाही. रविवारी दुपारी मी आंबिवलीला जायचो, हरायचो, आईच्या हातची भाकरी खाऊन परत यायचो. ताई पलंगाच्या उशापाशी बसलेली असायची. ती स्वतः कधी खेळली नाही. खेळ बघायचीही नाही. तिचं लक्ष बोटावर.

दिवाळी झाली आणि ते बोटही थांबलं.

ताई दुकानात आली ती भर दुपारी, कचेरी सोडून. तिने रुमालाने सगळा हात बांधला. एकही बोट बाहेर नव्हतं. ती मूठ तिने माऊसवर ठेवली आणि खांदा न हलवता, कोपर न हलवता ती काहीतरी करू बघत होती. कपाळावर घाम आला. बाण जागच्या जागी. मग तिने विचारलं, "याहून हलका?"

मी म्हणालो, ताई, याहून हलका नाही.

"असेल. तू शोध."

मी शोधला. मुंबईतल्या ओळखीच्या दुकानदारांना विचारलं, परदेशातल्या एका मित्राला विचारलं. ताई स्वतः एकेक बाजार पालथा घालत होती. कचेरीतून परस्पर जायची, संध्याकाळी आमच्याकडे पिशवी रिकामी करायची. त्यातले निम्मे माऊस आम्हीच तिला पूर्वी दाखवलेले असायचे. तिच्या मनगटावर रुमालाचे वळ उठलेले दिसायचे. एकदा ती शिरीषवर चिडली. तुम्ही मनावर घेत नाही, म्हणाली. तुमच्या घरात असतं तर घेतलं असतं. शिरीष तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवून म्हणाला, "ताई, आता माऊस कमी पडत नाहीये." ती पाणी न पिता निघून गेली.

पुढच्या रविवारी मी आंबिवलीला गेलो. ताई पुन्हा बाजारात गेलेली. मिलिंदचा आवाज बारीक झाला होता, वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागत होता. त्याने मला जवळ बोलावलं.

"दादा, ताईला बसायला सांगा. घरात."

मी म्हटलं, ती तुझ्यासाठीच फिरतेय.

"माहितीये. म्हणून तर. ती फिरते नि मी इथे तिची वाट बघत पडतो. त्यापेक्षा ती खेळेल, मी सांगेन. माझं डोकं चालतंय अजून."

ताई आली तेव्हा मी तिला ते जसंच्या तसं सांगितलं. ती पिशवी हातात धरून उभीच राहिली. म्हणाली, मला येत नाही तो गेम. मिलिंद म्हणाला, "मला कुठे येत होता? बस."

ती पलंगाला लागून खुर्चीवर बसली आणि माऊसवर हात ठेवला. पाचही बोटं मोकळी. इतक्या वर्षांत ती फक्त सावकाश सरकवायला शिकलेली, त्यामुळे भुयारात ती मुंगीच्या पावलाने चालायची. राक्षस दिसला की डोळे मिटायची. मिलिंद कुजबुजत सांगायचा, "डावीकडे, ताई. अगं, तुझं डावं." ती मेली की तो हसायचा, आणि हसताना त्याला धाप लागायची. तिने रजा काढली. दिवसभर ती दोघं खेळायची. ती मला एकदा म्हणाली, बोलायला त्रास होतो त्याला, पण थांबत नाही. मी थांबवत नाही.

थंडी सरायच्या आत मिलिंद गेला.

महिन्याभराने मी कॉम्प्युटर उतरवून आणायला गेलो. तसं आईने कळवलं होतं. घरात तो कॉम्प्युटर आता बघवत नाही, म्हणाली. खोलीत पलंग उभा करून भिंतीला लावलेला आणि ताई त्याच खुर्चीवर बसलेली. पडद्यावर भुयार होतं. मी वायरी काढायला वाकलो, तेव्हा ती म्हणाली, "थांब जरा. आम्ही या टप्प्यावर होतो. मला पुढचं दार सापडत नाही."

मी खाली बसलो. तिने माऊस पुढे नेला, एका वळणावर आली आणि थांबली. मान किंचित उजवीकडे, पलंग असायचा तिकडे, कलती करून ती वाट बघत राहिली. मला ते वळण ठाऊक नव्हतं. त्या टप्प्यापर्यंत मी कधी आलोच नव्हतो. पडद्यावर एक राक्षस समोरून चालत येत होता आणि ती बटण दाबत नव्हती. मी म्हणालो, ताई, डावीकडे जाऊन बघू या.

ती डावीकडे वळली. समोर भिंत होती.