माणिकप्पाची कोपी

बेंबळीच्या माणिकप्पाच्या दुकानात मीठ-मिरचीपेक्षा उत्तरं जास्त मिळायची. नुकतीच संपलेली लढाई जर्मनी का हरला, निजामसरकारच्या खजिन्यात मोती किती, म्हैस पान्हा का चोरते, काहीही विचारा. तराजू थांबायच्या आत उत्तर हजर. खरं-खोटं तपासायला सवड कुणाला होती?

अशा माणसाची लेक मात्र त्याच्यापुढं मुकी. चन्नम्माला जन्म देऊन आई गेली आणि शांताक्कानं, म्हणजे माणिकप्पाच्या थोरल्या बहिणीनं, पोरीला आपल्या गावी, लोहाऱ्याला नेऊन वाढवलं. नऊ वर्षांची झाल्यावर या दिवाळीला बापानं हट्टानं घरी आणली. तेव्हापासून ती बापाशी बोलली ते 'व्हय' आणि 'न्हाय' एवढंच. त्यातही 'न्हाय' लई.

शांताक्कानं निरोप धाडला, "येळवशीला येते. पोरगी रमली आसंल तर ठेव, न्हायतर मी तिला परत नेते. दुकानात बरणीसारखी मांडून ठेवू नकोस."

येळवस म्हणजे आपली वेळा अमावस्या. रानात कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं, घालायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, ताकातली आंबील आणि दाणे-भाज्यांची भज्जी यांचा नैवेद्य दाखवायचा. माणिकप्पाची कोपी दरसाल त्याचं रान कसणारा बटईदार घालायचा. हा नुसता आंबील प्यायला जायचा. यंदा त्यानं बटईदाराला सांगितलं, "तू राहू दे. म्या आन् माझी लेक आदल्या दिशीच जातो. मुक्काम रानातच." गल्लीनं तोंडाला पदर लावला. जन्मभर पुड्या बांधणारा माणूस कोपी बांधणार!

बांधली हो. हात कमी आणि तोंड जास्त चालवून बांधली. पेंढ्या पाचच का, कोपीवर शालच का पांघरायची, पांडव बेंबळीत कुठल्या वाटेनं आले, सगळं सांगून झालं. चन्नम्मानं एकदा तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. भाकरी खाऊन दोघं गाडीतच गोधडीत शिरली.

सकाळी बघतात तर कोपी नाही! दोन वाकडी धाटं उभी, शाल एका बैलाच्या शिंगावर, आणि दोन्ही बैल कसे साधुसंतासारखे रवंथ करतायत. दुकानदाराचं डोकं ते. मोकळी जागा दिसली की माल लावायचा. बैल त्यानं कोपीला खेटूनच बांधले होते.

चन्नम्मा बापाकडं टक लावून बघू लागली. बैलानं खाल्लेली कोपी लाभते, असं काहीतरी माणिकप्पाच्या जिभेवर आलंही होतं. पण त्या डोळ्यांपुढं ते तिथंच सुकलं.

"मला कोपी घालाया येत न्हाय, पोरी," तो म्हणाला. "कालचं समदं मनचंच सांगितलं."

"समदं?"

"समदं."

"पांडवांची वाटबी?"

"तीबी."

"आन् जर्मनीचं?"

माणिकप्पानं मान खाली घातली. पोरगी अशी हसली की बैल रवंथ विसरले.

मग शेजारच्या सिद्रामप्पाच्या रानातून कडबा मागून आणला. "बुडखं खाली रोवा, आप्पा. शेंडं वर एकात एक गुतवा. लोहाऱ्याला आमी असंच करतो," चन्नम्मा सांगत होती. "पण आप्पा, आपण महादेवाची माणसं. मग पांडव का पुजतो?"

"ठाऊक न्हाय. तुझ्या आत्यानं काय सांगितलं?"

"गप बस म्हणली."

पूजेच्या वेळेला शांताक्का जेवणाच्या पाट्या घेऊन गाडीनं आली. पोरीचं बोचकं तिनं माणिकप्पाच्या घरातूनच गाडीत टाकून आणलं होतं. पूजा उरकताच म्हणाली, "आता जेवू, आन् ऊन कलायच्या आत हिला घेऊन निघते. बोललीया का तुझ्याशी एक शबूद तरी?"

एरवी माणिकप्पानं दहा शब्दांचे शंभर केले असते. "अक्का, तिलाच इचारा," एवढंच म्हणाला.

"आधी आंबील शिंपून येतो," म्हणत चन्नम्मानं तांब्या उचलला आणि बापाला पुढं घातलं. "ओलगे ओलगे सालम पोलगे!" येळवशीची आरोळी ठोकत दोघं बांधानं निघाली.

"आप्पा, म्हंजी काय?"

"कानडी हाय म्हणत्यात."

"कानडी तर आपल्याला येतंय की. ह्ये कुठं कळतंय?"

"मलाबी न्हाय कळत. चल, सिद्रामप्पाला इचारू."

सिद्रामप्पानं एक अर्थ सांगितला, त्याची म्हातारी हरणाबाई म्हणाली, ह्याला काय कळतंय, आणि तिनं दुसराच सांगितला. मायलेकांची जुंपली. येळवशीला कोपीवर आलेला माणूस उपाशी परतत नाही, म्हणून बापलेकीला तिथंच बाजरीचे उंडे आणि भज्जी खावी लागली. तिथून पुढची कोपी, मग त्याच्या पुढची.

शांताक्का कपाळाला हात लावून बघत राहिली. एक मोठी सावली, एक छोटी, या बांधावरून त्या बांधावर. छोटीचे हातवारे थांबेनात. शेवटी वाटेनं आलेल्या गड्यानं निरोप दिला, "चन्नम्मा म्हणती, तीन अर्थ घावलेत, पण एकबी खरा वाटंना. आत्या, तू जेवून घे."

शांताक्का जेवली. एकटीच, चांगली पोटभर. मग उठून तिनं गाडीतलं बोचकं काढलं आणि कोपीत नेऊन ठेवलं.

गाडीवाल्यानं बैल जुंपत विचारलं, "अक्का, पोर येत न्हाय व्हय?"

"तिला सवड न्हाय," शांताक्का म्हणाली. "हाक गाडी."