पाटीवर लिहिलेलं

गड्ड्याच्या जत्रेतल्या तंबूत मी आईबरोबर जुन्या दुष्काळावरचा मूकपट पाहत होते. जाहिरातीत ‘सत्य घटना’ असं छापलं होतं. शेजारी सांगोल्याकडची एक म्हातारी धनगरीण मांडीवर घोंगडी घेऊन बसली होती. पडद्यावर अक्षरांची पाटी आली की ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची. “वाच की गं.” परक्यांसमोर मला आवाज फुटत नसे, पण तिचा हात हलत नसे, म्हणून मी हळू वाचत होते.

मेंढरं दिसली तेव्हा ती म्हणाली, “लई गुबगुबीत हायती. दुष्काळात काय घातलं ह्यांना, इचारायला पायजे.”

मग पाटी आली. ‘अन्नछत्र उघडले आणि एकही जीव गेला नाही.’ मी तेही वाचलं.

“माजी थोरली लेक तितंच रांगेत गेली,” ती म्हणाली. “तिला हिशेबात धरलंच न्हाय ह्यांनी.”

शाळेत आम्हाला लिहिलेलं तसंच्या तसं वाचायला शिकवलं होतं. शेवटच्या पाटीवर फक्त ‘समाप्त’ होतं. मी मोठ्यानं वाचलं, “अन्नछत्राच्या रांगेत एक मुलगी गेली.”

“व्हय,” ती म्हणाली. “आता बरोबर लिवलंय.”