पाणी न सोडलेला अर्ज

आक्काबाईचा विश्वास दोघांवरच, असं मखमलाबादेत सगळे म्हणत. एक स्वतःवर आणि दुसरा उपाध्यांच्या घरावर. बाकी जग तिला काट्याखाली बोट लावणारंच वाटे. फूलबाजारात झेंडू घालायच्या आधी ती व्यापाऱ्याचा काटा रिकामा उभा करायला लावी. व्यापारी वैतागत, पण करत.

मुलगा कारभारी सातपूरच्या कारखान्यात. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २००३ साली, त्याने बँकेचं कर्ज काढून सिडकोत दोन खोल्या घेतल्या. कर्जाबरोबर बँकेने एक विमाही गळ्यात घातला होता. कारभारी आजारी पडला किंवा कारखान्याने घरी बसवलं, तर वर्षभर हप्ता विमेवाले भरणार. आक्काबाईने तेव्हा बँकेच्या साहेबाकडे असं पाहिलं होतं, की त्याने आपणहून सगळं दोनदा समजावलं.

यंदा घरात सत्यनारायण झाला. पूजा सांगायला पंचवटीहून ढुंढिराज आला, उपाध्यांचा मुलगा. सकाळी पूजा, दुपारी विमा, असा त्याचा दिवस. आरती झाल्यावर त्याने पिशवीतून नवा विमा काढला. पैसे कमी भरायचे आणि आजारपणात अर्धा पगार थेट हातात. बँकेचा बंद करून हा घ्या, म्हणाला. कारभारीने जुना विमा बंद करायच्या अर्जावर सही केली आणि विडा-सुपारीच्या ताटात ठेवून तो त्याच्या हाती दिला. आक्काबाई तेव्हा आत शिरा हलवत होती.

तिला कळलं ते पाहुणे गेल्यावर. तिने सुनेला, मनीषाला, नव्या विम्याचा गुळगुळीत कागद वाचायला बसवलं. एवढा गुळगुळीत कशाला, इथूनच तिची शंका सुरू. मनीषा वाचता वाचता थांबली.

"आत्याबाई, नोकरी गेली तर काय, ते यात कुठंच नाही. आणि आधीपासून असलेल्या दुखण्याला पैसे नाहीत."

कारभारी वर्षभर कमरेला पट्टा बांधून कामावर जात होता. कारखान्यातली माणसंही एकेक करून कमी होत होती. अर्ज बँकेत पोचला की डोक्यावरचं छप्पर उघडं पडणार, हे आक्काबाईला कुणी सांगायला नको होतं. पण कारभारी हलेना. उपाध्यांच्या हातात दिलेलं परत कसं मागायचं, लोक तोंडात शेण घालतील, म्हणाला. खरं तर तिलाही तेच शिकवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती फुलांची पाटी घेऊन बाजाराऐवजी पंचवटीत गेली. ढुंढिराज झोपाळ्यावर चहा पीत होता. ती पाया पडली, मग खाली बसली.

"गुरुजी, पोरानं ताटातून कागद दिला, तवा त्यावर पाणी सोडलं व्हतं का?"

"पाणी? अर्जावर कोण पाणी सोडतं, आक्का?"

"मग ते दान नाय झालं. माझा कागद द्या."

आतून त्याची आई, मालिनीकाकू, हसली. "दे रे बाबा. दान कसं द्यायचं ते तूच शिकवतोस ना लोकांना?"

अर्ज अजून पिशवीतच होता. तो काढताना ढुंढिराज पुटपुटला, की पाठीच्या दुखण्याचं कारभारीने विचारलं असतं तर सांगितलं असतं.

"तुमच्या घराला आम्ही कधी काय विचारलंय, गुरुजी?" आक्काबाई म्हणाली.

त्याच्या चहावर साय धरली.

तिने अर्ज घेतला, सही कारभारीचीच आहे ना हे उजेडाला धरून पाहिलं, आणि कमरेच्या चंचीतून बँकेच्या विम्याचे कागद काढले. आता हेही वाचा, म्हणाली. ढुंढिराजने पहिल्यापासून वाचलं, बारीक अक्षरंसुद्धा. पाठीचं दुखणं या विम्यात बसत होतं, कारण पट्टा विम्यानंतरचा. नोकरीही बसत होती. फक्त पैसे बँकेला जाणार, घरात दमडी येणार नाही, हे त्याने बजावून सांगितलं.

"चुलीचं माझा झेंडू बघंल," ती म्हणाली. "घर राहू द्या."

उठताना तिने काकूंना देवासाठी ओंजळभर फुलं दिली. ढुंढिराजला म्हणाली, पुढच्या सत्यनारायणाला या, पिशवी मात्र घरी ठेवून या. बाहेर पायरीवर तिने अर्जाचे तुकडे केले, आणि गोदावरीत टाकावेत की नाही यावर विचार करून ते चंचीतच ठेवले. नदीत टाकलेलं कोण कुठे उचलेल, सांगता येत नाही.