अध्यक्षांची अर्धी दाढी

आमच्या शेजारचे नकाशेकाका जन्मभर पाणीपुरवठा कचेरीत नळांचे नकाशे काढत आले. नळ वाकला की रेघही वाकलीच पाहिजे, हा त्यांचा धर्म. निवृत्तीनंतर त्यांनी पेन्सिल माणसांकडे वळवली. "मी जे दिसतं तेच काढतो," असं ते अभिमानाने सांगत. त्यामुळे त्यांच्यासमोर बसायला कुणी धजत नसे.

वाचनालयाचे अध्यक्ष मात्र बसले. चित्र साधलं तर सभागृहात लावायचं ठरलं. काकांचं एकही चित्र आजवर भिंतीवर लागलं नव्हतं. घरची भिंत काकूंच्या ताब्यात होती. काका जीव ओतून कामाला लागले.

अध्यक्षांची दाढी आखूड, दाट आणि वयाला न शोभेल इतकी काळी. काका एकेक केस काढत. हाताने शिसं पसरू नये म्हणून डावीकडून सुरुवात करून उजवीकडे सरकायचं, आणि पांढरा केस आलाच तर तिथे कागद कोरा सोडायचा. रविवारच्या बैठकीत जेमतेम दोन बोटं दाढी व्हायची.

काम हनुवटीपर्यंत आलं आणि कलपाने अध्यक्षांच्या गालावर पुरळ उठलं. डॉक्टरांनी कलप बंद केला. कातरीगणिक काळं गेलं, पांढरं आलं. काकांनी जे दिसलं ते इमानाने काढलं.

काकूंनी चहा ठेवता ठेवता कागदात डोकावलं. "अहो, हे मधूनच म्हातारे झालेत."

"झालेत खरे. मी काय करू?"

"डावीकडच्याशी जुळवून घ्या."

"जुळवाजुळव करायला मी काय लग्नं ठरवतो?"

अध्यक्षांनी वाचनालयात पुरं झालेलं चित्र पाहिलं आणि नकळत उजव्या गालावर हात ठेवला. "काका, एवढी बाजू काळी करा. मग उद्याच लावू."

"पण तुमची दाढी आता सगळीच पांढरी आहे."

"माझं काय, मी आज आहे, उद्या नाही. चित्र राहणार."

काका घरी येऊन सत्य आणि कला यांवर बराच वेळ बोलले. काकू भाजी निवडत हूं हूं करत राहिल्या. मग काकांनी सगळ्यांत मऊ पेन्सिल काढली आणि इतके रविवार जपलेले कोरे केस भाजी निवडून व्हायच्या आत बुजवून टाकले.

चित्र लागलं. पांढऱ्या दाढीचे अध्यक्ष त्याच्याखालीच बसतात. काका हल्ली वर्तमानपत्र वाचायला तिथेच जातात, समोरची खुर्ची धरून. परवा एका नव्या सभासदाने चित्राकडे बघत त्यांना विचारलं, "हे अध्यक्षांचे धाकटे भाऊ का हो?"

काका म्हणाले, "ते असू दे. दाढी कशी आलीय सांगा."