कॉम्प्युटर एक, गुपितं सगळ्यांची

चार माणसं आणि एक कॉम्प्युटर एका खोलीत ठेवा आणि वर्षभर तिकडे बघू नका. किस्से आपोआप धरतात, पावसाळ्यात चपलेला बुरशी धरते तसे!

आमची खोली म्हणजे डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं ऑफिस. पुठ्ठ्याचे खोके बनवतो आम्ही. मी सुलभा, धारगळहून रोज स्कूटरने येते आणि स्टोअर बघते. माझ्यासमोर शिरोडकर मामा. माल बाहेर पाठवायचं काम त्यांचं. राहतात पार पेडण्यातल्या केरीला, समुद्राच्या कडेला, आणि बस बदलत बदलत वेळेवर पोचतात. बाजूला अकाउंट्सची रेश्मा. सुपरवायझर सुतार मूळचा गडहिंग्लजचा. अर्धा वेळ मशीनवर, अर्धा आमच्या पंख्याखाली. आणि काचेच्या केबिनमध्ये साहेब.

कॉम्प्युटर मात्र एकच. ज्याला हवं तो बसतो, हवं ते शोधतो, उठून जातो. माणूस उठला तरी ब्राउझर काही विसरत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा कोणाचीच अब्रू शिल्लक नव्हती!

*

मामा भिडस्त. कोणाच्या घरी चहाला नाही म्हणणार नाहीत. वेबसाइटलासुद्धा नाही.

कुठलंही पान उघडा, ते विचारतंच. कुकीज ठेवू का? नोटिफिकेशन पाठवू का? तुम्ही कुठे आहात ते बघू का? आम्ही न वाचता फुली मारतो. मामा चष्मा लावून प्रत्येक प्रश्न वाचतात आणि "हो" म्हणतात. त्यामुळे स्क्रीनच्या कोपऱ्यात दिवसभर टिंगटिंग चालू. कन्या राशीचं भविष्य, चपलांचा सेल, कुठल्या तरी परक्या गावात पाऊस पडायची शक्यता!

रेश्मा एकदा वैतागली. "मामा, तुम्ही कुठे जाता, काय बघता, सगळं कळतं हो त्यांना! नाही म्हणा ना!"

मामा म्हणाले, "इतक्या आपलेपणान विचारतत गो. घरातले तरी खंय विचारतत?"

*

आमचे साहेब मऊ. कोणाला ओरडायचं असलं तर आधी "जेवलात का?" विचारतात, आणि तो "नाही" म्हणाला की ओरडणं राहूनच जातं.

त्यांचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता, म्हणून शनिवारी दुपारी ते आमच्या कॉम्प्युटरवर बसले. सोमवारी मला नव्या कुडत्यावरचा शाईचा डाग काढायचा होता. 'कपड्यावरचा डाग' असं लिहायला मी नुसता 'क' टाइप केला, तर खाली आपोआप दोन ओळी उमटल्या.

'कडक कसे दिसावे.'

'कर्मचाऱ्यांना न दुखावता कसे ओरडावे.'

मी रेश्माला दाखवलं, रेश्माने मामांना. तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. साहेब बाहेर आले. भुवया एकमेकींना चिकटलेल्या, हनुवटी वर, हात पाठीमागे. आम्ही तिघांनी माना खाली घातल्या. साहेबांना वाटलं, उपाय लागू पडला!

इतक्यात मशीनवरून सुतार आला. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. साहेबांच्या तोंडाकडे बघून कळवळला. "साहेब, डोळं आल्यात काय ओ? आमच्याकडं गुलाबपाणी घालत्यात बगा!"

साहेब भुवया सैल करून आत गेले. संध्याकाळी त्यांनी पाच मिनिटं कॉम्प्युटर मागितला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डागाच्या मागे लागले, तेव्हा तिसरी ओळ आली होती.

'किती थेंब गुलाबपाणी डोळ्यांत घालावे.'

*

मग जाहिराती सुरू झाल्या. पाळणे! लाकडी पाळणे, कापडी पाळणे, झुलता पाळणा, बाळाची दुपटी. पेपर वाचायला जा, मध्ये पाळणा. बसचं टाइमटेबल बघा, बाजूला दुपटं.

रेश्माचं लग्न नुकतंच झालेलं. आम्ही काही बोललो नाही. फक्त मी घरून लोणच्याची बरणी आणून तिच्या टेबलावर ठेवली. सुतारने पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं. मामा तर तिला पाण्याची बाटलीसुद्धा उचलू देईनात. रेश्माला वाटलं, आपल्या कामाची कदर व्हायला लागली!

शेवटी साहेबांनी तिला हळूच सुट्टीचं विचारलं, तेव्हा भांडं फुटलं. "कसली सुट्टी? कसला पाळणा? मी काहीसुद्धा शोधलेलं नाही!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मामांचे कान लाल झाले.

मामांची लेक पुण्याला. तिने गोड बातमी बापाला सांगितली होती, पण इतक्यात कोणाला सांगू नका म्हणून बजावलं होतं. मामांनी शब्द पाळला. तोंडातून अक्षर काढलं नाही. फक्त रोज जेवल्यावर गुपचूप पाळणे बघत बसायचे, इतकंच.

आम्ही मामांना पेढ्यांसाठी धरलं. पण रेश्मा उखडली. "मामा, पाळणे तुम्ही शोधत होता, हे तुम्हाला तर ठाऊक होतं! मग माझ्या फाइली का उचलत होता?"

मामा म्हणाले, "सगळे तुजीच काळजी घेवक लागले. माका वाटला, तुजापण आसतला!"

*

सुतारला मुलाच्या शाळेचा मेल बघायचा होता. त्याने आपलं अकाउंट आमच्या कॉम्प्युटरवर उघडलं, मेल बघितला आणि अकाउंट तसंच ठेवून मशीनवर गेला. तेच अकाउंट गावी त्याच्या बायकोच्या, वंदनाच्या फोनवर. म्हणजे त्या दिवसापासून आम्ही इथे जे जे शोधू, ते ते तिला तिकडे दिसायला लागलं. आम्हाला पत्ता नाही!

वंदनाने बरेच दिवस सहन केलं. मग एक दिवस तिच्या फोनवर आलं, 'रशियन बाईला गरम पाणी तयार आहे असे कसे सांगावे.'

दुसऱ्या दिवशी दुपारी वंदना भावाला घेऊन बसने डिचोलीत. तडक ऑफिसच्या दारात. "कुठं हाय ती रशियन?"

सुतार पांढराफटक. "कोण रशियन? अगं, मी मशीन सोडून कुठं जातोय व्हय?"

"मग अंघोळीचं पाणी कुणाला तापवायलाय?"

तिचे डोळे भरले होते. भावाने बाह्या सरसावल्या. आम्ही खुर्च्या मागे सारल्या. तेवढ्यात मामा उठून मधे आले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "बाय माजे, ती रशियन माजी!"

आता आम्हीच खुर्च्यांत बसलो.

"म्हणजे माज्या रूमवरची!" मामा घाईघाईने म्हणाले. केरीला त्यांच्या दोन खोल्या आहेत, पर्यटकांना देतात. शेजारच्या हरमलच्या किनाऱ्यावर जागा नाही मिळाली की लोक त्यांच्याकडे येतात. त्या बाईला इंग्रजी येत नव्हतं आणि ती रोज थंड पाण्याने अंघोळ करून काकडत होती, म्हणून मामा 'गरम पाणी' रशियनमध्ये कसं म्हणतात ते शिकले होते. पुरावा म्हणून त्यांनी भर ऑफिसात दोन्ही हात वर करून म्हणून दाखवलं, "गर्याचाया वदा! गर्याचाया वदा!"

वंदना आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. तिला पाणी दिलं, पाव-भाजी मागवली. रेश्मा म्हणाली, "थांबा, आधी ते अकाउंट बंद करते."

"राहू द्या की ओ," वंदना म्हणाली. "बघायला बरं वाटतंय." मग माझ्याकडे वळली. "शाईचा डाग गेला का ताई? न्हाई तर लिंबू लावून बघा."

*

त्यानंतर सुतार कॉम्प्युटरच्या जवळ यायला घाबरायचा. मग रेश्माने त्याला ब्राउझरची गुप्त खिडकी दाखवली. ती उघडली की पान काळं होतं आणि तिथे काय बघितलं ते ब्राउझर लक्षात ठेवत नाही. मामांनी तिला नाव ठेवलं 'काळं जनेल'.

सुतारला खरंच एक गुपित करायचं होतं. मुलगा शाळेत जायला लागला होता आणि घराजवळ नोकरी मिळाली तर वंदनाला एकदमच सांगायचं होतं. तो रोज जेवणाच्या सुट्टीत काळं जनेल उघडून कोल्हापूरकडच्या नोकऱ्या बघायचा. अर्ज तयार केला. मागेपुढे बघितलं. आणि दिली प्रिंट!

प्रिंटर साहेबांच्या केबिनमध्ये आहे.

सुतार काचेपाशी उभा राहून आत बघत होता. साहेबांनी कागद उचलला, वाचला, खिशातून पेन काढलं. बराच वेळ लिहीत होते. मग बाहेर येऊन कागद त्याच्या हातात दिला. "इंग्रजी थोडं दुरुस्त केलंय. तुम्ही तुमच्या कामाबद्दल फारच कमी लिहिलं होतं, तेही वाढवलंय. जेवलात का?"

सुतार मुलाखतीला गेला. तिथल्या मालकाने विचारलं, "अर्ज झकास आहे. कोणी लिहून दिला?"

सुतार साधा माणूस. म्हणाला, "आमच्या साहेबांनी."

"कुठल्या साहेबांनी?"

"आता सोडून येतोय त्या."

मालकाने अर्ज परत दिला. "लेका, असला साहेब सोडून माझ्याकडं कशाला येतोस? मी लई वाईट माणूस आहे!"

सुतार परत आला. वंदना आणि मुलगाच आता डिचोलीत आलेत.

*

हा किस्सा लहानसा. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यातून कोणी आपल्याला बघतं, असं रेश्माने कुठेतरी वाचलं आणि कपाळावरची टिकली काढून कॅमेऱ्यावर चिकटवली.

साहेबांचा लॅपटॉप दुरुस्तीहून अजून आलाच नव्हता, म्हणून पुण्याच्या हेड ऑफिसबरोबरच्या त्यांच्या मीटिंगा याच कॉम्प्युटरवरून व्हायच्या. ते दर वेळी सांगायचे, "सॉरी, आमचा कॅमेरा बिघडलाय." तिकडचे म्हणायचे, दुरुस्त करून घ्या.

एक दिवस साहेबांनी स्क्रीन जवळून बघितली. नखाने टिकली काढली. लगेच स्क्रीनवर त्यांचा चेहरा आला. केस उभे, जांभई अर्धी आलेली. साहेबांनी दोन क्षण स्वतःकडे बघितलं आणि टिकली होती तिथे परत चिकटवली. वरून अंगठ्याने नीट दाबली.

*

म्हापशाहून तन्मय नावाचा मुलगा कॉम्प्युटर दुरुस्तीला येतो. एकदा जाता जाता म्हणाला, "तुमचा ब्राउझर सगळं साठवतो, आणि त्यातलं बरंच जाहिरातवाल्यांकडे जातं. अधूनमधून हिस्टरी पुसत जा."

दुसऱ्या दिवशी मामा सगळ्यांच्या आधी आले आणि पुसायला बसले. हे पुसू? पुसा. ते पुसू? पुसा. त्यात साठवलेले पासवर्डही गेले!

बेळगावचा ट्रक भरून उभा. माल बाहेर काढायचा तर सरकारी वेबसाइटवरून बिल काढावं लागतं, आणि वेबसाइटने पासवर्ड मागितला. तो कधीकाळी मामांनीच ठेवलेला. नंतर कॉम्प्युटरच भरायचा, अक्षरं झाकून.

"माका नुसत्यो चांदण्योच दिसायच्यो!" मामा म्हणाले.

पासवर्ड बदलायचा कोड जायचा जुन्या अकाउंटंटच्या फोनवर. तो आता बोटीवर नोकरीला, फोन बंद. बेळगावहून गिऱ्हाइकाचे फोनवर फोन. त्यांचं पॅकिंग खोक्यांवाचून बंद पडलेलं. साहेब बाहेर येऊन उभे राहिले. "आज माल गेला नाही तर हे गिऱ्हाईक गेलं, मामा." आवाज चढला नाही, पण पहिल्यांदाच त्यांनी जेवलात का विचारलं नाही. मामांचा चेहरा उतरला.

आम्ही सुचेल ते घालून बघितलं. केरीची देवी, मामांचा वाढदिवस, लेकीचं नाव. वेबसाइटने बजावलं, आणखी एकदा चुकलं तर आज बंद!

मामांना वाटलं, भावाच्या होडीचा नंबर असावा. तो विचारायला त्यांनी घरी फोन लावला, आणि मला टाइप करता यावा म्हणून स्पीकरवर ठेवला.

"अगो, होडयेचो नंबर सांग बगया."

"कित्याक होयो?" मामी.

"पासवर्डाक!"

"मगे होडयेचो नंबर कित्याक? तुमचो पासवर्ड 'बांगडो ॲट केरी सात आठ नऊ' न्हय?"

सगळे माझ्या खुर्चीमागे गोळा झाले. मी एकेक अक्षर बघून टाइप केलं. पान उघडलं! रेश्माने टाळ्या वाजवल्या, सुतार ड्रायव्हरला सांगायला धावला.

मामा मात्र फोनकडे बघतच राहिले. "तुका कसो कळलो?"

"माका कसो कळाचो नाय? रोज झोपेत बडबडतास मां! आनी साहेबांक काय म्हणतास, ता पण सांगू?"

मामांनी फोनवर झडप घातली. त्यांच्या आधी साहेबांचा हात फोनवर पडला. त्यांनी पायाने खुर्ची ओढली आणि बसले.

"सुलभा, बिल जरा मागाहून काढा," ते म्हणाले. मग फोनजवळ वाकले. "सांगा वहिनी. मी साहेबच बोलतोय."