देवधर काका उतरले नाहीत

"तुमचा एक प्रवासी अजून जहाजावर आहे," पर्सरबाई म्हणाल्या.

नॉर्वेहून आलेलं आमचं जहाज सकाळी दहाला कीलच्या धक्क्याला लागलं होतं. धुकं इतकं दाट होतं, की टर्मिनलच्या काचेतून जहाजाचा खालचा अर्धा भागच दिसत होता. माझे चौदाही ज्येष्ठ बॅगांवर हात ठेवून बसले होते. मी तीनदा मोजले होते. पुढे हॅम्बर्गची ट्रेन गाठायची होती, त्यामुळे माझा आवाज जरा चढला.

"कोण राहिलंय?"

पर्सर म्हणजे जहाजावरच्या प्रवाशांची व्यवस्था पाहणारी अधिकारी. त्यांनी हातातला टॅबलेट माझ्याकडे फिरवला. "हेर देवधर," म्हणजे श्रीयुत देवधर.

देवधर काकांना जाऊन चार महिने झाले होते.

मी हॅम्बर्गमध्ये ट्रॅव्हल अ‍ॅडव्हायझर आहे. इथल्या मराठी इंजिनिअरांचे आईवडील उन्हाळ्यात येतात, त्यांना ट्रेनने आणि जहाजाने युरोप दाखवते. देवधर काका-काकूंचं बुकिंग त्यांच्या मुलाने, ब्राउनश्वाइगच्या निखिलने, वर्षभर आधी केलं होतं. काकांना आयुष्यात एकदा जहाजाने जायचं होतं. पण ते पुण्यातच अचानक गेले. निखिलचा मेल आला, "बाबांचं नाव काढ. आई एकटी येईल."

ते मी काढलं नाही. आमच्या धंद्यात याला नो-शो ठेवणं म्हणतात. केबिन दोघांची असते. एक नाव काढलं, की सिस्टिम खिडकीची केबिन काढून घेते आणि बिनखिडकीची देते. म्हणून नाव तसंच ठेवायचं. माणूस गेटवर आलाच नाही, की ते आपोआप गळतं. आजवर कधी अडलं नव्हतं.

"पण ते चढलेच नाहीत," मी म्हणाले.

"चढलेत. काल दुपारी दोन वाजता, पत्नीच्या मागोमाग. रात्री रेस्टॉरंटमध्ये जेवलेत. आज सकाळी आठ दहाला केबिनचं दार उघडलंय." त्या एकेक नोंद बोटाने दाखवत होत्या. "आणि आत्ता वरच्या डेकवर, अगदी मागच्या खुर्चीवर, आम्हाला स्वेटर मिळालाय. त्यावर चष्मा आणि हे कार्ड."

कार्डावर काकांचं नाव होतं. हेच कार्ड चढायला, उतरायला, जेवायला आणि दार उघडायला लागतं.

"चढलेले आणि उतरलेले जुळले नाहीत, तर माणूस पाण्यात पडला असं आम्ही धरतो. मला कॅप्टनना पंधरा मिनिटांत सांगायचंय. मग शोध सुरू होईल आणि पाण्यावरचे पोलीस येतील. ते आधी पत्नीलाच विचारतील."

मी सुमनकाकूंकडे पाहिलं. त्या बाकावर शांत बसल्या होत्या, शेजारी एका माणसाची जागा सोडून. गर्दी होती, तरी तिथे कोणी बसलं नव्हतं. सगळ्या सहलीत त्यांच्याशेजारी अशीच एक जागा रिकामी राहत होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मी निखिलला फोन लावला. दोन मिनिटांत त्याने मृत्यूचा दाखला पाठवला, महापालिकेचा, मराठी आणि इंग्रजीतला. पर्सरबाईंनी तो दोनदा वाचला.

"बरं," त्या हळूच म्हणाल्या, "मग काल जेवायला कोण आलं होतं?"

मी काकूंसमोर जाऊन गुडघ्यावर बसले. "काकू, काकांचं कार्ड तुम्ही वापरत होता?"

"तूच नाही का दिलंस पाकिटातून? दोन कार्डं होती, एक माझं, एक ह्यांचं."

दिली होती खरी. केबिनप्रमाणे पाकिटं वाटताना मी आत डोकावलेही नव्हते.

"दहाव्याला कावळा शिवेना गं पिंडाला," काकू म्हणाल्या. "दीड तास उभे होतो. निखिलने सगळं बोलून पाहिलं. शेवटी मी म्हटलं, अहो, तुम्हाला जहाजावर नेते. तेव्हा शिवला. मग शब्द नको पाळायला? सगळीकडे आधी माझं कार्ड लावायचे, मग ह्यांचं. रात्री समोर ताट वाढून घेतलं. आज सात वाजता वर गेलो. ह्यांना तिथे बरं वाटत होतं. म्हटलं, बसा तुम्ही समुद्र बघत. त्यांचा स्वेटर, चष्मा, कार्ड, सगळं तिथेच ठेवलं आणि खाली आले."

मी पर्सरबाईंना जर्मनमध्ये जमेल तसं सांगितलं. कावळा समजावताना माझी दमछाक झाली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक आहे. पण ऑफिसमधून नाव पुसलं, तर चौकशी होणारच. कार्ड गेटवर लागलं, तर यादी जुळेल. दाखला मी सोबत जोडते."

पर्सरबाईंनी सामान परत दिलं. काकूंनी स्वेटर घडी घालून हातावर घेतला, चष्मा पर्समध्ये ठेवला. गेटपाशी गेल्या, काकांचं कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला. काकू बाजूला सरकल्या, वाट मोकळी केली आणि धुक्यातल्या जहाजाकडे बघून म्हणाल्या, "चला हो, लोक खोळंबलेत."

गेटची काचेची दारं उघडली. एका माणसाला लागतो तेवढा वेळ ती उघडी राहिली आणि मिटली. पर्सरबाई आणि मी, दोघीही नकळत मागे सरकलो होतो.

काकूंनी डोळे पुसले. "आले," एवढंच म्हणाल्या.

हॅम्बर्गची ट्रेन आम्हाला मिळाली. चौकशी झाली नाही.

एक गोष्ट मात्र मी कोणाला बोलले नाही. काकूंनी कार्ड सातला वर ठेवलं होतं. पावणेआठपासून साडेआठपर्यंत त्या माझ्यासमोर बसून नाश्ता करत होत्या. त्यांचा चहा मीच आणून दिला. काकांच्या कार्डाने केबिनचं दार उघडलं ते आठ दहाला. कार्डावर केबिनचा नंबर छापलेला नसतो, त्यामुळे दुसऱ्या कोणी ते उचललं असतं, तरी कुठलं दार उघडायचं हे त्याला कळलं नसतं.

तेव्हापासून मी नो-शो ठेवत नाही. खिडकी गेली तरी चालेल. गेलेल्या माणसाचं नाव यादीतून त्याच दिवशी काढते, आणि घरच्यांना विचारून घेते, की त्यांना कोणी काही कबूल तर केलेलं नाही ना.